पन्हाळा-पावनखिंड चाललात म्हणून अंदमान पायी होत नाही

गेला महिनाभर कोल्हापुरातल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पन्हाळा-पावनखिंड चालणाऱ्याला अंदमान किरकोळ आहे, पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर दहा दिवसांत पायी होतं, बुकिंग लागत नाही, रात्री दिसेल त्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा, सगळा खर्च पंधरा हजार. आमच्या पेठेतली तीन पोरं हे वाचून सॅक भरायला लागलीत. मी दोन वेळा डिसेंबरात तिथं एकटा फिरून आलोय, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला दावा, दहा दिवसांत पायी. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून दिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज बत्तीस किलोमीटर चालणारी पोरं आपल्याकडं आहेत, ते मान्य. पण जिरकाटांगला फाटक लागतं. तिथून मिडल स्ट्रेट या खाडीपर्यंतचा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या पहाऱ्यात, ताफ्यानं सुटतात. मध्ये थांबायचं नाही, उतरायचं नाही, फोटो काढायचा नाही. पायी जाण्याचा तर प्रश्नच येत नाही.

हा नियम सरकारी अडवणूक आहे, असं त्या मजकुरात सुचवलंय. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. जारवा मोजून काही शेच आहेत. त्यांचं जंगल हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपल्या राधानगरी अभयारण्याच्या जवळपास तिप्पट. १९९८ च्या सुमारास ते जंगलाबाहेर येऊन आपल्या लोकांत मिसळू लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला साधा वाटणारा आजार तिथं अख्ख्या समाजावर बेततो. आदिम जमातींच्या संरक्षणाचा कायदा तिथं १९५६ पासून आहे, तो मोडला तर तुरुंगवास होतो. हा रस्ता या जंगलापुरता बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला होता, तरी रस्ता चालूच आहे. अशा ठिकाणी ‘फाटक चुकवून आडवाटेनं निघा’ असं लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरायला सांगितलंय.

मग तंबू. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्या खाडीत, खारफुटीत असतात आणि समुद्रातूनही पोहत जातात. हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, राधानगर नावाचा किनारा आहे. नाव ऐकून आपल्याला घरचंच वाटतं. त्याच किनाऱ्यालगत २०१० मध्ये एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. दिगलीपूरजवळच्या कालीपूरला चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तीही नेमकी थंडीत, आपल्या सुट्टीच्या दिवसांत. विजेरीच्या उजेडानं, शेकोटीनं ती बुजतात, आणि अंडी न घालताच मागं फिरतात. परवानगीवाचून तंबू ठोकला तर वनखात्याचे लोक उठवतील, आणि बरोबरच करतील.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात नाही. घड्याळ आपलंच, पण अंदमान कोल्हापूरच्या कितीतरी पूर्वेला आहे. डिसेंबरात रंकाळ्यावर सूर्य सहाच्या पुढं मावळतो, तिथं पाचलाच. पहिल्या वेळी मी चारला एका किनाऱ्याकडं निघालो आणि परतीची दोन किलोमीटर वाट जंगलातून अंधारात, हातातल्या मोबाईलच्या उजेडात काढली. घाबरलो होतो.

बुकिंग नको म्हणणाऱ्यानं डिसेंबरात बोटीच्या तिकिटाची रांग पाहिलेली नसावी. शिवाय समुद्र खवळला की बोट सुटतच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेनं हॅवलॉक आणि नील या बेटांवर चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकले होते, नौदलाला जावं लागलं. गगनबावड्याचा पाऊस आपण जाणतो, पण तो दसऱ्यापर्यंत आवरतो. तिथं मे महिन्यात सुरू झालेला पाऊस परतीच्या मोसमासह डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत.

खर्चाचं थोडक्यात. कोल्हापूरहून सरळ विमान नाही. चेन्नई किंवा कोलकाता गाठून पुढं विमान, नाहीतर तीन दिवसांची बोट. ऐन हंगामात पंधरा हजारांतले बरेचसे जाण्यायेण्यातच जातात. तिथं पोचल्यावर मात्र सरकारी बस आणि सरकारी बोट स्वस्त आहेत, स्वस्ताईचं तेवढं मजकुरात खरं आहे.

राहिली पावनखिंड. ती वाट अवघड आहेच, चिखल आणि जळवा मीही सोसल्यात. पण आंबेवाडीत, पांढरपाण्यात कुणीतरी ओसरीवर बसवून घेतं, चहा देतं, पाय मुरगळला तर जीप बोलावतं. त्या वाटेवर आपली माणसं आहेत. अंदमानच्या जंगलात ओसरी नाही, आणि खाडीचं पाणी पिता येत नाही.

त्या तिघांना रविवारी सकाळी रंकाळ्यावर बोलावलंय. पहाटेची बस, जिरकाटांगचा ताफा, मग बाराटांग, रंगत, मायाबंदर करत दिगलीपूर, असं कागदावर मांडून देणार आहे. शेवटी सॅडल पीक आहे, ७३२ मीटर, अंदमानातला सगळ्यात उंच माथा. वनखात्याची परवानगी काढून, बरोबर पाणी घेऊन, पहाटे निघायचं. ती वाट त्यांनी पायीच करावी.