सुई आपल्याकडे कधीपासून आहे? एका लाडक्या फॉरवर्डचा प्रतिवाद

‘मुसलमान येण्याआधी भारतात शिवलेले कपडे नव्हते. सुईच ठाऊक नव्हती. लोक धोतर, साडी, शेला नुसतं गुंडाळत. अजिंठा बघा, ह्युएन त्संग वाचा, संग्रहालयात जाऊन शोधा.’ हा मजकूर फिरून फिरून येतो. गंमत म्हणजे ‘सगळं बाहेरून आलं’ म्हणणारेही तो पाठवतात आणि ‘कुडता परका, आपली फक्त साडी’ म्हणणारेही. दोघांचं एकमत झालंय ते नेमकं चुकीच्या गोष्टीवर.

सुईपासून सुरू करू, कारण हा दावा व्हॉट्सॲपपेक्षा बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-बिहारची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने लिहून ठेवलं, की हिंदूंना सुई माहीतच नसावी. शिवण्यासाठी त्यांच्या भाषेत शब्दही सापडत नाही. बंगाली पंडित राजेंद्रलाल मित्रांनी १८८१ साली ‘इंडो-आर्यन्स’ या ग्रंथात या समजुतीचा समाचार घेतला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका या देवतेला विनवलंय, की न तुटणाऱ्या सुईने हे काम शिव. तिथे सुईला ‘सूची’ म्हटलंय आणि क्रियापद आहे ‘सीव्यतु’. मराठी माणसाला यासाठी कोशही उघडायला नको. आपली सुई आणि आपली शिवण त्याच घरातली. मोहेंजोदडोच्या उत्खननातही धातूच्या सुया मिळाल्या आहेत. सुईने पोतंही शिवतात, तेव्हा सुई सापडली म्हणजे अंगरखा सापडला असं मी म्हणणार नाही. पण ‘सुईच नव्हती’ हे मात्र संपलं.

दर्जी, अस्तर, जामा, पायजमा हे शब्द फारसी आहेत, हे खरंच. शिंपी मात्र फारसी नाही. संत नामदेवांचा जन्म परंपरेने १२७० चा मानतात, तोही शिंप्याच्या घरात. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये, म्हणजे त्यानंतर.

आता अजिंठा. ‘तिथे सगळे उघड्या अंगाने’ म्हणणारा बहुधा पहिल्या लेण्यात पद्मपाणीपाशी फोटो काढून परतलेला असतो. त्याच लेण्याच्या डाव्या भिंतीवर महाजनक जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचं चित्र आहे. त्यातली नर्तकी बघा: लांब बाह्यांचं, अंगासरशी बसणारं वस्त्र. कापून-शिवून केल्याशिवाय बाही अशी बसत नाही. हे काम वाकाटक घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. इस्लामचा उदयच सातव्या शतकातला. रंग वाळून शंभरावर वर्षं लोटली होती.

राजा-राणी मात्र तलम वस्त्र नेसून आणि दागिन्यांनी मढून बसलेत, हेही खरं. खरा मुद्दा इथे आहे. शिवलेलं वस्त्र बरंचसं नर्तकी, सेवक, सैनिक, परदेशी यांच्या अंगावर दिसतं. न शिवलेलं हे मानाचं. आपल्याकडे पूजेला बसणारा कद किंवा मुकटा हे रेशमी सोवळं नेसतो, त्याला शिवण चालत नाही. त्याचा फोटो पाहून दोनशे वर्षांनी कुणी ‘महाराष्ट्रात शर्ट नव्हते’ असं लिहिलं तर? शिवायचं नाही आणि शिवता येत नाही यांत फरक आहे.

सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग याचा दाखला तर अर्धाच देतात. इथले लोक कपडे बेतून-शिवून घालत नाहीत, असं त्याने लिहिलंय खरं. पण उत्तरेकडे थंडी असल्याने तिथले लोक अंगाला घट्ट बसणारे आखूड कपडे घालतात, हेही त्यानेच लिहिलंय. तो ज्या हर्षाच्या दरबारी गेला, त्याच हर्षावर त्याचा दरबारी कवी बाणभट्ट याने ‘हर्षचरित’ लिहिलं. त्यात राजेलोकांच्या अंगावर कंचुक आहे, वारबाण आहे, चीनचोलक आहे, कूर्पासक आहे; ही सगळी अंगात घालायच्या शिवलेल्या कपड्यांची नावं. पां. वा. काण्यांनी हा ग्रंथ टिपांसह संपादला, तेव्हा मराठी वाचकाला तो अपरिचित असायचं कारण नाही.

दाव्यात थोडं तथ्य कुठे आहे? कोट-विजार हा बेत बाहेरून आला, यात. मथुरेच्या संग्रहालयात कुषाण राजा कनिष्काचा मस्तक नसलेला पुतळा आहे, अंगात लांब कोट आणि पायांत जाडजूड बूट. कुषाण मध्य आशियातले, तेव्हा पोशाखही तिकडचा. पण हे मुसलमान राजवटीच्या हजारेक वर्षं आधीचं. पुढे गुप्त राजांनी तसाच कोट आपल्या सोन्याच्या नाण्यांवर मिरवला. १९४६ मध्ये बयाणा इथे सापडलेल्या गुप्त नाण्यांच्या प्रचंड साठ्याची सूची अ. स. आळतेकरांनी केली, तिच्यातली छायाचित्रं चाळली तरी पुरे. सुलतान-मुघलांच्या काळात बेतण्याचे प्रकार वाढले, दरबारी पोशाखाची नावंच बदलली. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण सुरुवातीचं नव्हे.

राहिला संग्रहालयाचा मुद्दा. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ मध्ये उभं राहिलं. तिथले जामे-अंगरखे मुघल काळातले आणि नंतरचे, म्हणून त्याआधी काही नव्हतं, असा तर्क केला जातो. पाटीवरचं शतक त्या एका नगाचं असतं, त्या पद्धतीचं नसतं. सुती कापड आपल्या दमट हवेत, कसर-वाळवीत टिकत नाही. मध्ययुगीन गुजराती छापील सुताचे तुकडे हवे असतील तर ते इजिप्तमधल्या फुस्तात या जुन्या शहराच्या कोरड्या मातीतून आलेले बघावे लागतात. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ते हजारावर आहेत आणि रूथ बार्न्स यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. सूत इथलं, पण टिकलं तिकडे.

शिवाय आपण कापड ठेवतो तरी कुठे? जरीची साडी जीर्ण झाली की जरीवाला ती जाळून चांदी काढतो. सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी फाटली की पोतेरं. संग्रहालयापर्यंत पोचतो तो सरदाराचा न वापरलेला अंगरखा. नाचणारणीची चोळी आणि शिपायाची बंडी अंगावरच फाटून गेली. म्हणूनच मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात काम करणाऱ्या मोतीचंद्रांनी प्राचीन वेशभूषेवर लिहिताना आणि मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्यांनी १९५१ मध्ये ‘इंडियन कॉस्च्युम’ लिहिताना कापडाच्या कपाटावर भिस्त ठेवली नाही. शिल्पं आणि जुने ग्रंथ एकापुढे एक ठेवून वाचले. पुढच्या वेळी हा मजकूर आला, तर निदान अजिंठ्याच्या त्या डाव्या भिंतीचा फोटो उलट पाठवा.