रंधा लाकूड का उचकटतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी लिहिलं होतं की एक जुना लोखंडी रंधा, दोन पटाश्या आणि एक करवत एवढ्यावर सुरुवात करा, धार स्वतः लावा आणि ती गाईडशिवाय (पातं ठरावीक कोनात धरून ठेवणाऱ्या साधनाशिवाय), हातानेच लावायला शिका. तुम्ही तसं केलं. तीन रविवार पातं दगडावर घासण्यात गेले. आता त्या पात्याने हातावरचे केस निघतात, पण सागाच्या फळीवर रंधा मारला की जागोजागी लाकूड उचकटून येतं, आणि काही ठिकाणी रंधा नुसताच घसरतो. म्हणून तुमचा निष्कर्ष असा की धार हे निमित्त आहे, हाताची अवजारं ही हौस आहे, आणि मी नवख्या माणसाचा वेळ वाया घालवतो.

तुमचे तीन रविवार माझ्या लेखातल्या त्रुटींमुळे गेले, हे मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

आधी गाईडबद्दल. ते टाळा असं मी लिहायला नको होतं. हाताने धार लावताना पातं पुढेमागे नेलं की मनगट थोडं डोलतं आणि धारेचा उतार, म्हणजे दगडावर घासलेली तिरकी बाजू, सपाट न राहता गोलसर होतो. नेहमीच्या रंध्यात पातं ४५ अंशांवर बसतं आणि उतार खालच्या बाजूला असतो. उतार ३० अंशांचा असेल तर धारेमागे, पातं आणि लाकूड यांच्यामध्ये १५ अंशांची मोकळी जागा राहते. मनगट डोलून टोकाचा कोन ४० वर गेला की तीच जागा ५ अंशांवर येते. केस काढण्याइतकी धार असूनही पातं लाकडात शिरत नाही, कारण धारेमागचा फुगवटा आधी लाकडाला टेकतो. तुम्ही वर्णन केलेलं घसरणं मला नेमकं हेच वाटतं. उतारावर मार्करने शाई लावा, दगडावर दोनदा फिरवा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा. रंग फक्त मधून पुसला गेला आणि टोकाला तसाच राहिला, तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेलाच नाही.

दोन्ही बाजूंनी पातं आवळणारं जे साधं गाईड सगळीकडे मिळतं, त्यात रंध्याचं पातं साधारण ३८ मिमी पुढे ठेवलं की ३० अंश मिळतात आणि ५० मिमीला २५. पटाशी खालच्या खाचेत बसते, म्हणून तिची मापं वेगळी, ३० आणि ४० मिमी. ही मापं एका लाकडी तुकड्यावर ठोकळे ठोकून कायमची करून ठेवा. पुढच्या वेळी दगड मांडल्यापासून पातं रंध्यात परत जाईपर्यंत दहा मिनिटंही लागणार नाहीत.

तीन रविवारांतला बराच वेळ पात्याची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, सपाट करण्यात गेला असणार, असा माझा अंदाज आहे. जुन्या पात्याच्या पाठीवर गंजाचे खड्डे असतात आणि ते सगळे घालवायच्या नादात माणूस दमून जातो. तेवढं लागत नाही. धारेलगतची अरुंद पट्टी चकचकीत झाली की पुरे. डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश कारागिराने यासाठी एक सोपी युक्ती रूढ केली: दगडाच्या एका कडेवर अर्धा मिमी जाडीची पोलादी पट्टी ठेवायची, पात्याची पाठ तिच्यावर टेकवायची आणि फक्त टोक दगडावर घासायचं. कोन एका अंशाहूनही कमी उचलला जातो, पण घासायचं क्षेत्र काही मिलीमीटरवर येतं. पटाशीला हे अजिबात करू नका. पटाशीची पाठ लाकडावर टेकवूनच खोबणीची भिंत सरळ तासायची असते. ती पाठ टोकाला उचलली गेली की पटाशी सरळ चालत नाही.

आता उचकटण्याबद्दल. इथे माझ्या लेखात मोठी उणीव होती. मी लिहिलं की रंध्याचं तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, बारीक करा. त्याने थोडा फरक पडतो, पण खरा इलाज पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या लोखंडी पट्टीत, कॅप आयर्नमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती.

लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, पात्याकडे वर चढत असेल तर ढलपी कापली जात नाही, तरफेसारखी उचलली जाते. चीर धारेच्या पुढे पळते, रेषेबरोबर खाली उतरते आणि तिथलं लाकूड उपटून निघतं. धार कितीही चांगली असली तरी फक्त धारेने हे थांबत नाही. कॅप आयर्नची कड धारेच्या अगदी जवळ आणली की ढलपी वर यायला लागताच तिच्यावर आदळते, पुढे ढकलली जाते आणि चीर पळण्याआधीच मोडते. जपानमधल्या यामागाता विद्यापीठाच्या काटो आणि कवाई यांनी हे जवळून चित्रित केलं होतं. ती फिल्म २०१२ च्या सुमारास जगभरच्या सुतारकाम करणाऱ्यांपर्यंत पोचली आणि अनेकांनी आपले रंधे पुन्हा उघडून बसवले.

सफाईच्या रंध्याला हे अंतर ०.१ ते ०.३ मिमी ठेवा. डोळ्यांना धारेची फक्त एक चमकती रेघ दिसावी, इतकंच. स्क्रू पूर्ण आवळताना पट्टी सरकते, म्हणून आधी अर्धवट आवळा, बोटाने पुढे सारा आणि मग पक्का करा. पट्टीची कड पात्याच्या पाठीवर सलग टेकली पाहिजे. उजेडासमोर धरून बघा. फट दिसली तर ढलपी तिथे अडकणार, मग आधी ती कड दगडावर नीट करा. आणि तोंड या वेळी थोडं मोकळं ठेवा. दोन्ही एकदम आवळलं तर रंधा तुंबतो.

सागाबद्दल आणखी एक. त्याच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. सकाळी लावलेली धार संध्याकाळपर्यंत पुरेल अशी अपेक्षा ठेवू नका. ८००० चा दगड (आकडा मोठा तेवढा दगड बारीक) म्हणजे दिखावा, असं तुम्ही म्हणता. जाड ढलप्या काढणाऱ्या जॅक रंध्यापुरतं तुमचं बरोबर आहे, तिथे १००० चा दगडही चालतो. शेवटचा हात मारणाऱ्या रंध्याला आणि तासायच्या पटाशीला मात्र बारीक दगड हवाच. मऊ लाकडाच्या टोकावर, जिथे तंतू आडवे कापलेले असतात तिथे, बोथट पटाशी चालवली की तंतू कापले न जाता चिरडतात, ते लगेच दिसतं.

करवतीच्या दातांवर कानस चालत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तिच्या दातांची टोकं निळसर काळी असतील तर ती कारखान्यात कडक केलेली आहेत, कानस त्यांच्यावर नुसती घसरणार. अशी करवत बोथट झाली की बदलायची, हे मी सांगायला हवं होतं.

यंत्राने फळी मिनिटात साफ होते हे खरं आहे, आणि दहा फळ्या एका जाडीच्या करायच्या असतील तर मीही यंत्राकडेच जाईन. पण खोबणीत कूस (तिच्यात बसणारं लाकडाचं टोक) जात नाही, केसभर घट्ट आहे, तेव्हा कागदाहून पातळ एक ढलपी काढायला मला रंधाच लागतो. ती ढलपी किती पातळ निघेल हे धार आणि कॅप आयर्न मिळून ठरवतात. म्हणून धार लावण्यात गेलेला वेळ मी कामाबाहेरचा धरत नाही.

मूळ लेखात गाईड आणि कॅप आयर्न या दोन्ही दुरुस्त्या आजच करतो आहे. तुम्ही एवढं करून बघा: उतार ३० अंशांवर गाईडने नीट करा, कॅप आयर्न धारेलगत आणा आणि त्याच फळीच्या त्याच उचकटलेल्या जागेवर पातळ ढलपी काढा. ढलपी गुंडाळी होऊन आली तर पट्टी अजून लांब आहे. ती रंध्यातून सरळ, उभी वर आली तर अंतर जमलं. सुरकुत्या पडून चुरगळत असेल तर पट्टी फार जवळ गेली, किंचित मागे घ्या. कशी आली ते इथेच लिहा. तरीही उचकटत असेल तर फळीच्या कडेचा फोटो पाठवा, रेषा कुठल्या बाजूने चढते ते आपण बघू.