वजन सरळ रस्त्यावर कळतच नाही

वरच्या लेखात म्हटलंय की पॉवर क्रूझर, म्हणजे मोठ्या दमदार इंजिनच्या जडशीळ मोटरसायकली, फक्त सरळ रस्त्यावर पळवायच्या, वळणावर त्या बैलगाडी होतात. अर्धं पटलं.

मागच्या हिवाळ्यात मित्राची ट्रायम्फ रॉकेट ३ आर ही अशीच पॉवर क्रूझर पुण्याहून साताऱ्यापर्यंत चालवली. २४५८ सीसी, तीन सिलिंडर, २२१ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आणि तोही ४००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन फारसं न पिळता! पाचव्या गिअरमध्ये ६०ला रमतगमत चाललेलो, ट्रक ओलांडायला गिअर न पाडता मूठ जराशी पिळली, तर हात खांद्यातून निघतात की काय असं वाटलं. आवाज मात्र हार्लेसारखा धडधडणारा नाही, त्यासाठी घेणार असाल तर हिरमोड होईल.

खंबाटकी घाट चढताना मी धास्तावलो होतो. मागचा टायर २४० मिलिमीटर रुंद, त्यामुळे गाडी आपणहून झुकत नाही, हँडल ढकलून झुकवावी लागते. एकदा झुकली की मात्र रुळावर असल्यासारखी जाते. ब्रेम्बोचे ब्रेकही तीनशे किलोंच्या वर असलेलं धूड निमूट थांबवतात.

खरी फजिती झाली शिरवळला, चहाच्या टपरीसमोर. उतारावर तोंड करून लावली आणि निघताना मागे ढकलता येईना. चहावाल्यासकट तिघं लागले! शिवाय ट्रॅफिकमध्ये उजव्या मांडीला इंजिनची चांगलीच धग लागते.

डुकाटी डियावेल ही दुसरी पॉवर क्रूझर वळणावर जास्त चपळ म्हणतात, पण ती चालवलेली नाही. इथे कुणी दोन्ही चालवल्यात का? घाटातला फरक सांगा.