मशीन मोजतं, पण बघतं कोण?

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर बातमी आली: रामबागेतल्या पॅथॉलॉजिस्ट काकांनी लॅब बंद केली. वय झालं. आत्येभावाने लगेच लिहिलं, "बरंच झालं. नवं मशीन मिनिटात रक्तपेशी मोजून सीबीसी काढतं. स्लाइड बघत बसणारा माणूस हवाच कशाला? परदेशात तर सगळं ऑटोमॅटिकच असतं." खाली अंगठ्यांची रांग.

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासणाऱ्या हिमॅटॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम करते. संध्याकाळी जीपींकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडच्या, रक्ताच्या नळ्या घेऊन व्हॅन आली की मशीन शेकडो सॅम्पल सरसर ओढतं, हे खरं. पण रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींच्या, म्हणजे प्लेटलेटच्या, आकड्यावर त्याने संशयाचा फ्लॅग टाकला की त्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड होते आणि ती माणूसच बघतो. रात्रपाळीला एकटी असले तरी मी बघते.

मशीन मोजतं कसं, हे ग्रुपवर कुणी विचारलंच नाही. वॉलेस कोल्टर या अमेरिकन इंजिनिअरला १९५३ साली ज्या युक्तीचं पेटंट मिळालं, ती आजही चालते. एका बारीक भोकातून वीज वाहत असते. पेशी त्यातून गेली की विरोध क्षणभर वाढतो आणि एक ठोका नोंदला जातो. पेशी मोठी, तर ठोका मोठा. म्हणजे चार-सहा प्लेटलेट एकमेकींना चिकटून गेल्या तर या मोजणीला त्या प्लेटलेट वाटतच नाहीत. काही जणांच्या रक्तात जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळेच (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनामुळेच) त्या चिकटतात. अंगात प्लेटलेट भरपूर आणि कागदावर तीस हजार!

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक दोषाचं तसंच. हिमोग्लोबिन जरा कमी, पेशी लहान, पण संख्येने जास्त, हे तिन्ही आकडे मशीन छापतं. ते एकत्र वाचून पुढची तपासणी सांगणारं कुणी नसेल तर साधी लोहाची कमतरता समजून हातात लोहाच्या गोळ्या पडतात. इंदुरात सिंधी घरं किती आहेत, आणि त्या समाजात हा दोष किती आढळतो, हे तिथल्या डॉक्टरांना मी सांगायला नको. इथे इंग्लंडमध्ये गरोदर बाईला सिकल सेल (रक्ताचा आणखी एक आनुवंशिक आजार) आणि थॅलेसेमियाची तपासणी सुरुवातीलाच देऊ करतात. आपल्या मध्य प्रदेशातही २०२३ साली शहडोलहून सिकल सेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोक तपासायचं लक्ष्य ठेवून. त्याचा मला अभिमान आहे. तिथे छोटी यंत्रं गावोगाव जायलाच हवीत. पण पाठीमागे वाचणारा माणूस हवा.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाबांना ताप आला. डेंग्यूची साथ होती. दादाने एका लॅबचा रिपोर्ट पाठवला: प्लेटलेट २८ हजार. मी फोनवर ओरडले, "आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट कर, प्लेटलेट चढवायला सांग!" रोज दुसऱ्यांच्या रक्तात जी शंका मी घेते, ती बाबांच्या वेळी मला सुचली नाही. दादा आधी काकांकडे गेला. काकांनी रक्त पुन्हा घेतलं, स्लाइड ओढली, मग ईडीटीए नसलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत आणखी थोडं घेतलं. नवा आकडा १ लाख ६४ हजार. स्लाइडच्या शेपटाकडे जांभळ्या ठिपक्यांचे, म्हणजे चिकटलेल्या प्लेटलेटचे, घोसच्या घोस होते. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली एवढंच: "घाबरू नकोस. तूच बघ."

मी बघितला. इतका वेळ बघितला की बस चुकली.

परवा दादाचा फोन आला. वाद निघालाच. मी तावातावाने म्हटलं, "आमच्याकडे असं मुळीच चालत नाही."

"आमच्याकडे म्हणजे कुठे गं?" त्याने शांतपणे विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. काकांच्या मायक्रोस्कोपचं काय झालं, तेवढंच विचारलं. तो म्हणाला, काकूंनी कापड घालून बाहेरच्या खोलीत ठेवलाय.