बाहेरच्यांनी भाव चढवलेत, चला बाहेर घर घेऊ

नाशिकमध्ये जागा घेण्यात आता काही राम राहिलेला नाही, हे तुम्ही कॉलेज रोडच्या कट्ट्यावर इतक्यांदा सांगितलंय की आता ते मानावंच लागेल. गंगापूर रोडचे भाव मुंबईकरांनी चढवले, उरलेले पुणेकरांनी. २०२७चा कुंभमेळा तोंडावर आला म्हणून त्र्यंबक रोडच्या माळावर, जिथे कुसळंही उगवत नाहीत, तिथे प्लॉटचे खांब उगवलेत. ‘बाहेरचे येतात, पैसा ओततात आणि इथला माणूस इथेच उपरा होतो.’ बरोबर आहे तुमचं. तेव्हा यावर उपाय एकच. उठा, दुसऱ्या एखाद्या देशात जा आणि तिथले ‘बाहेरचे’ व्हा.

सुरुवात प्रॉपर्टी प्रदर्शनापासून करावी. शनिवार-रविवारी एखाद्या चकचकीत हॉटेलात दुबईच्या मनोऱ्यांची छोटी मॉडेलं मांडलेली असतात, आतले दिवेसुद्धा लागतात. तिथला कोट घातलेला मुलगा तुम्हाला ‘सर’ म्हणेल. नाशिकमध्ये इस्टेट एजंट तुम्हाला ‘काका’ म्हणतो. भावातला निम्मा फरक इथेच वसूल झाला असं समजा.

आता एक पथ्य कडक पाळायचं. आडगावला दोन गुंठे घेताना तुम्ही सातबारा काढलात, आठ-अ काढलात, फेरफार तपासलेत, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतलात, एन.ए.ची ऑर्डर दोनदा वाचलीत, मोजणी आणलीत, शेजाऱ्याने बांध कोरलाय का ते स्वतः उन्हात उभं राहून पाहिलंत आणि एवढं करूनही तलाठ्याच्या मेव्हण्याला हळूच विचारून घेतलंत. दुबईच्या बाबतीत यातलं काहीही करू नका. ड्रोनने काढलेला व्हिडिओ पाहा, बिस्कीट खा आणि टोकन द्या. इमारत अजून वाळूत आहे म्हणता? मग तर बांधच नाही, कोरणार कोण?

तिथेही कागद असतात, ही माहिती मात्र कुणाला सांगू नका. दुबईत २००२पासून परदेशी माणसाला मालकी हक्काने घर घेता येतं, पण ठरवून दिलेल्या भागांतच. नोंदणी दुबई लँड डिपार्टमेंटकडे होते, तिचं शुल्क किमतीच्या ४ टक्के. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचे पैसे बिल्डरच्या खिशात नव्हे तर एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात भरायचे असतात, तसा २००७चा कायदाच आहे. एवढं ठाऊक असलेला माणूस प्रदर्शनात फार प्रश्न विचारतो आणि मग त्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

दुबई फारच कॉमन वाटत असेल, साडूने आधीच घेतलं असेल, तर थायलंडकडे वळा. तिथे परदेशी माणसाला जमीन आपल्या नावावर करता येत नाही. फ्लॅट मिळतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना. यावर एजंट डोळा मारून सांगेल की तिथल्या एखाद्या माणसाच्या नावावर जमीन घेऊ, कागदोपत्री त्याची, मनातून तुमची. हे तुम्हाला नवं नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, १९४८च्या कुळकायद्यातलं कलम ६३ आडवं येतं. म्हणून तर निफाडच्या मामांच्या सातबाऱ्यावर तुमचे पैसे उभे आहेत. आता मामा फोन उचलत नाहीत, ही गोष्ट वेगळी. थायलंडमध्ये हा मार्ग बेकायदा आहे, पण तिथला मामा निदान मराठीत तरी टाळणार नाही.

मोठे देश आपल्याला सोन्याच्या पायघड्या घालून बसलेत, असं समजून पुढे गेलात तर थोडा अपेक्षाभंग होईल. कॅनडाने १ जानेवारी २०२३पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी घातली आणि ती पुढे २०२७पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५पासून दोन वर्षं परदेशी माणसाला जुनं, बांधलेलं घर घ्यायला मनाई केली. न्यूझीलंडने २०१८मध्येच बहुतेकांसाठी दार लावून घेतलं. सिंगापूर ‘या’ म्हणतं, फक्त परदेशी गिऱ्हाइकाकडून घराच्या किमतीवर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क घेतं. कारण सगळीकडे साधारण एकच सांगतात: बाहेरचे येतात, पैसा ओततात, भाव चढतात आणि इथल्या पोरांना घर मिळत नाही.

हे ऐकून तुम्ही संतापलं पाहिजे. किती हा संकुचितपणा! जग कुठे चाललंय आणि हे लोक स्थानिक-परके करत बसलेत! हा संताप कट्ट्यावर जरूर व्यक्त करा, फक्त मखमलाबादचा प्लॉट गुजरातच्या पार्टीने घेतला, हा विषय त्याच संध्याकाळी काढू नका. मध्ये निदान एक दिवस जाऊ द्या.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेत (एलआरएस) भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो. ही मर्यादा माणशी आहे आणि त्यात अल्पवयीन मुलंही येतात. तेव्हा घरातली माणसं मोजा. वेगळं राहायचं म्हणून भांडून इंदिरानगरला गेलेला भाऊ या कामासाठी पुन्हा रक्ताचा होतो. आईला पॅन कार्ड काढून द्या. पंचवटीतला वाडा विकताना तिची सही कुणी विचारली नव्हती, आता तिच्या वाट्याला थेट सागरदर्शन येतंय.

पैसे पाठवताना १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकाच्या नावाने एक कोटी पाठवले तर १८ लाख आधी सरकारजमा. ते आयकराचं विवरणपत्र भरताना करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर तुमचे नसतात. तिकडे बिल्डरची हप्त्याची तारीख मात्र कुणाच्या परताव्यासाठी थांबत नाही. हे सगळं टाळायची एक सोपी युक्ती, म्हणजे हवाला, सुचवणारे दलाल मेन रोडपासून शारजापर्यंत सगळीकडे भेटतात. त्यांचं ऐका आणि मग सक्तवसुली संचालनालयाचं, म्हणजे ईडीचं, पत्र आलं की त्यांचा नंबर लावून पाहा.

घर झालं की राहायला जायचं असतं, असा तुमचा समज असेल. घराची मालकी आणि देशात राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. दुबईत २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. तेवढी नसेल तर एजंट ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणतो. युरोपच्या जोरावर उड्या मारणार असाल तर जरा उशीर झाला. पोर्तुगालने घर घेऊन व्हिसा मिळवण्याची वाट २०२३मध्ये बंद केली, स्पेनने एप्रिल २०२५मध्ये. ग्रीसने चालू ठेवली, पण अथेन्ससारख्या ठिकाणी आकडा अडीच लाख युरोंवरून आठ लाखांवर नेला. व्हिसाविना घर घेतलंत तरी स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून जायची सोय आहेच. विमानतळावर ‘किती दिवस राहणार?’ असं विचारलं की नम्रपणे परतीचं तिकीट दाखवायचं.

भाड्याचा मुद्दा राहिला. दुबईत भाड्यावर आयकर नाही, हे वाक्य तुम्ही लग्नकार्यात किमान तिघांना ऐकवा. तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तेच भाडं इथल्या उत्पन्नात धरून इथला कर भरायचा असतो, हे चौथ्याला सांगायची गरज नाही. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, पण त्या तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर धरायचं. तुमचे सीए गेली वीस वर्षं एकाच टेबलावर एकच चहा पिऊन रिटर्न भरतात, त्यांना हे आठवणीने सांगा. तक्ता राहिला तर काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी खात्यांना आणि शेअर्सना २०२४मध्ये यातून सूट मिळाली, घराला नाही. घर म्हणजे घर, सरकारलाही तेवढी भावना आहे.

आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर घाबरू नका. तिथल्या माणसाला विकायच्या फंदात पडायचं नाही, तो भाव करतो. पाथर्डी फाट्याला तुमचा भाचा आहे, दोन वर्षांपासून ‘मामा, मलाही बघा ना एखादं’ म्हणतोय. त्याला घरी जेवायला बोलावून किंमत सांगा. फक्त दिरहममध्ये सांगा, रुपयांत सांगितली तर कळेल त्याला.