हो, नाही बदलली

"सो यू हॅवन्ट चेंज्ड द डाय?" पडद्यावरच्या जर्मन ग्राहकानं विचारलं. माझी चिनी सहकारी म्हणाली, "येस." तो खूश झाला. म्हणाला, मग नव्या डायचे नमुने याच आठवड्यात पाठवा. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. डाय, म्हणजे धातू ओतायचा साचा, बदललेलीच नव्हती.

चूक कुठं झाली हे त्या खोलीत सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं, कारण मीही तेच उत्तर दिलं असतं. "डाय बदलली नाही का?" असं विचारलं की आपण म्हणतो, "हो, नाही बदलली." चिनी माणूस म्हणतो, "दुई, मेई हुआन", म्हणजे "बरोबर, नाही बदलली". समोरच्याचं म्हणणं बरोबर आहे, असं आपण आधी सांगतो. इंग्रजीत तिथं "नो" लागतो. त्या दिवसापासून आमच्या टीमचा एक नियम झाला: ग्राहकाच्या प्रश्नाला नुसतं येस किंवा नो म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. "वी हॅव नॉट चेंज्ड द डाय." चार सेकंद जास्त जातात, पण गैरसमज होत नाही.

मी तासगावची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. गेली सहा वर्षं शांघायजवळच्या सूझौमध्ये गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात काम करते. यंदा भावाच्या मुलीला पहिलीत घालायचं आहे, त्यामुळे घरच्या ग्रुपवर माध्यमाचा वाद पेटला आहे. काका म्हणतात, "चीन बघा, इंग्रजीवाचून त्यांचं काय अडलं?" वहिनीला भीती वाटते की मराठी शाळेत घातलं तर पोरगी पुढं चारचौघांत तोंड उघडणार नाही. इथं राहून मला दोघांचंही म्हणणं पटत नाही.

काकांना वाटतं तसा चीन इंग्रजीपासून लांब राहिलेला नाही. आपल्याकडे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. चीननं २००१ मध्ये ते तिसरीपासून आणायचं ठरवलं. इथल्या गाओकाओत, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत, ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात आणि बहुतेक मुलं इंग्रजीच घेतात. चिनी भाषेला आणि गणिताला प्रत्येकी तेवढेच. म्हणजे इंग्रजीचं ओझं इथल्या मुलांनाही आहेच. पण वहिनीनं हेही बघावं की माझ्या या सहकारीनं गणित, भौतिकशास्त्र, धातुशास्त्र, सगळं चिनीत शिकून घेतलं. ओतकामातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिची अडचण वेगळीच आहे आणि तिला इथं नावही आहे: याबा यिंग्यू, मुकं इंग्रजी. वाचता येतं, लिहिता येतं, परीक्षेत गुण मिळतात, पण बोलायला उभं राहिलं की घशातून आवाज फुटत नाही. बीजिंग, शांघाय, ग्वांगदोंग अशा मोजक्या ठिकाणी परीक्षेत बोलण्यालाही गुण आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी नाहीत, मग वर्गात बोलायला शिकवणार कोण?

तो प्रसंग घडल्यावर आम्ही दोघी रोज जेवणानंतर अर्धा तास बसायला लागलो. उच्चारांच्या मागे लागायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. 'थ्री'चं 'स्री' झालं तरी ग्राहकाला समजतं. त्याचा गोंधळ होतो तो क्रियापदाच्या शेपटामुळे. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही आणि मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी न आणि ङ सोडले तर व्यंजन जवळजवळ येतच नाही. त्यामुळे 'चेंज्ड'मधला शेवटचा ड गळून पडतो आणि काम झालं आहे की व्हायचं आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. यावरचा उपाय तिच्याच भाषेत मिळाला. चिनीत 'गेल्या आठवड्यात', 'पुढच्या सोमवारी' हे वाक्याच्या सुरुवातीला येतं. इंग्रजीतही तिनं तसंच सुरू करायचं: "लास्ट वीक, वी चेंज्ड..." ड गळला तरी काळ समजतो.

आकड्यांमध्ये तर आम्ही दोघी सख्ख्या बहिणी निघालो. त्यांचं मोजमाप 'वान'वर चालतं, म्हणजे दहा हजारांवर, आणि आपलं लाखावर. एक लाख वीस हजार नग तिच्या डोक्यात 'बारा वान' असतात आणि घाईत तोंडातून 'ट्वेल्व्ह थाउजंड' निघून जातं. माझ्या डोक्यात ते १,२०,००० असतात आणि इंग्रजी वाचणारा तोच आकडा १२०,००० असा शोधतो. म्हणून आता आकडा स्लाइडवर मोठा लिहायचा, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मगच उच्चारायचा. 'ऑल्दो'नंतर 'बट' लावायची तिची सवयही मला परकी वाटली नाही. 'जरी'ला 'तरी' हवाच, असं माझंही मन अजून म्हणतं.

पण खरी मेहनत लागली ती मांडणीला. तिच्या पहिल्या स्लाइडवर कारखान्याचा इतिहास होता, मग यंत्रांची यादी, मग तपासणीची पद्धत, आणि निष्कर्ष अकराव्या स्लाइडवर. तिच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं: आधी कारणं नीट समजावून द्यावीत आणि मग आपलं म्हणणं पुढं ठेवावं, त्यात ऐकणाऱ्याचा मान राहतो. जर्मन माणूस मात्र चौथ्या स्लाइडला अस्वस्थ होतो. मी तिला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. लीक टेस्टला, म्हणजे गळतीच्या तपासणीत, माल का फेल होतोय, हे मला एका वाक्यात चिनीत सांग. मला कामापुरती चिनी येते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, धातू भरताना गेटजवळ (धातू साच्यात शिरतो त्या तोंडाशी) हवा अडकते, व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) मोठा केला की ती निघून जाते. हेच पहिल्या स्लाइडचं शीर्षक झालं, आणि इंग्रजी करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते एक वाक्य तिला तिच्या भाषेतच कुणी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या मीटिंगला तिनं सुरुवातीची दोन वाक्यं पाठ केली, बाकीचं आकृतीवर बोट ठेवून सांगितलं, आणि प्रश्न समजला नाही तेव्हा सरळ म्हणाली, "प्लीज से इट अगेन." ग्राहकानं पुन्हा विचारला, हळू.

म्हणून गावाकडचा वाद ऐकताना माझा जीव तुटतो. आपल्याकडे दहावीला भाषेचे २० गुण तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे होते. ते काढून टाकले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. मग ओरड झाली आणि गुण परत दिले. सगळा वाद टक्क्यांचा झाला. मुलं बोलायला शिकतात का, हे त्यात फारसं कुणी विचारलंच नाही. आमच्या वेळी तोंडी परीक्षा म्हणजे एक कविता म्हणायची आणि खाली बसायचं. एखादी गोष्ट समोरच्याला समजावून सांगायला मी शिकले ती नोकरीत, ठेचकाळत. आपल्याच भाषेत जे कधी समजावून सांगितलं नाही, ते इंग्रजी माध्यमात घातल्यानं कसं सांगता येईल?

भावाला मी एवढंच म्हटलं, की शाळेत जा आणि विचार, मुलं आठवड्यातून किती वेळा वर्गासमोर उभी राहून बोलतात? तो दोन शाळांत जाऊन आला. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सांगितलं, गॅदरिंगला बोलतात. मराठी शाळेतल्या बाईंनी त्याला चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवून घेतलं. एक मुलगा द्राक्षाच्या घडांचं डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, कसं करतात ते सांगत होता, हातात पाण्याचा मग धरल्यासारखं करून, आणि दोन मुली त्याला विचारत होत्या, पाऊस आला तर परत करायचं का? भाऊ तासभर तिथंच बसून राहिला. जूनपासून पुतणी त्याच शाळेत जाणार आहे.