खुलासा : नाण्यावर सम्राटाशेजारी येशू नाही, सूर्य आहे

एका रोमन सुवर्णमुद्रेचा फोटो सध्या फिरतो आहे. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून, डोक्याभोवती किरणे असलेला एक तरुण. ‘ख्रिस्ती झालेल्या सम्राटाने येशूला नाण्यावर आणले’ असे सोबत लिहिलेले असते. हे चूक आहे.

हे रोजच्या व्यवहारातले नाणेच नव्हे. नऊ सॉलिडस (सॉलिडस म्हणजे रोमन सोन्याचे नाणे) वजनाचे हे सुवर्णपदक इ.स. ३१३ मध्ये टिकिनम (आजचे इटलीतील पाव्हिया) येथील टांकसाळीत पाडले गेले. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शेजारचा तरुण म्हणजे सोल इन्व्हिक्टस, अर्थात अजिंक्य सूर्यदेव. टोकदार किरणांचा मुकुट ही त्याची जुनी खूण. शंका उरलीच तर सम्राटाची ढाल पाहा : तिच्यावरही सूर्याचाच चार घोड्यांचा रथ आहे.

गोंधळ होतो तो सालामुळे. रोमजवळची मिल्व्हियन पुलाची लढाई ३१२ची; ती जिंकताना कॉन्स्टंटाइन ख्रिस्ताकडे वळला, असे सांगतात. त्यानंतर सगळे एका रात्रीत बदलले, असे आपण धरून चालतो. पण ‘सम्राटाचा सोबती, अजिंक्य सूर्य’ अशा अर्थाची अक्षरे त्याच्या नाण्यांवर पुढेही बरीच वर्षे दिसतात. ३२५च्या सुमारास ती मावळली. ३१५च्या एका चांदीच्या पदकावर शिरस्त्राणावर ख्रिस्ताचे अक्षरचिन्ह (त्याच्या नावाच्या पहिल्या दोन ग्रीक अक्षरांचे) आहे खरे, पण अगदी बारीक.

नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचा चेहरा यायला सातव्या शतकाची अखेर उजाडली. तो आणणारा सम्राट दुसरा जस्टिनियन.